जागा रिकामी होती, तरी कॅप्टन 'आज नाही' म्हणाला

नेरचा_कास्तकार

राम राम मंडळी. गोष्ट आमच्या घरची आहे, पण गावात विमानातला जाणकार कोणी नाही, म्हणून इथं टाकून रायलो.

माझा भाचा एका कंपनीत को-पायलट आहे. गोंदियाले बिरसीच्या विमानतळावर शिकला. त्याच्या फीपायी बहिणीनं वावर गहाण टाकलं होतं, ते आता सुटलं. त्याचा बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते ते गाव, हैदराबाद. यंदा पोळ्याले नक्की येतो म्हणाला. खांदशेकणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून झालं, बहीण दाराकडे पाहून रायली, अन् हा तिकडे हैदराबादच्या विमानतळावरच. नागपूरचं शेवटचं विमान फुल्ल. पण कॉकपिटात एक जास्तीची खुर्ची असते म्हणे, जंपसीट, ती रिकामी. विमान त्याच्याच कंपनीचं. त्यानं कॅप्टनले विचारलं. कॅप्टन म्हणे, 'आज नाही.' झालं. कारण नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान धरलं, नागपूरहून एसटीनं यवतमाळ, मग नेर. घरी पोचला तं पोळा फुटून बैलं घरोघर पूजेले निघाले होते.

भाचा म्हणते, 'मामाजी, त्यात वाईट वाटून घ्याचं काही नाही, कॅप्टनचा अधिकार आहे.' पण घरात सगळ्यायले लागलं. आमचे भाऊजी म्हणाले, एसटीचा कंडक्टर बी डेपोच्या माणसाले उभ्यानं का होईना नेते. आता तुम्हीच सांगा, ही पद्धतच अशी आहे, का त्या कॅप्टनची माणुसकी कमी पडली?

पांढरं_सोनं

कॅप्टन पुण्याचा असन.

व्यवस्थापक

पुणे विरुद्ध विदर्भासाठी वेगळे बरेच धागे आहेत, कृपया तिथे जावे.

डावी_खुर्ची

कास्तकार भाऊ, मी मूळचा कारंजा लाडचा, एअरबस ३२० वर कॅप्टन आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून नोकरी करायची आहे.

आधी त्या खुर्चीबद्दल सांगतो. ३२० मध्ये दोन वैमानिकांच्या मागे ती असते, काही विमानांत आणखी एक घडीची असते. एटीआरमध्ये, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानात, एकच, तीही घडीची, आणि ती उघडली की जाण्यायेण्याची वाटच अडते. प्रवासी बसवायला ही खुर्ची केलेली नाही. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, निरीक्षक येतो तो तिच्यावर बसतो. कंपनीचा चेक पायलट बसतो, शिकाऊ वैमानिक निरीक्षणासाठी बसतो, कधी इंजिनीअर बसतो. या सगळ्यांचं आटोपलं तर मग घरी जाणाऱ्याचा नंबर. तुमच्या भाच्याला ती रिकामी दिसली, पण दार लागायच्या पाच मिनिटं आधी कोणी येऊन तिथे बसणार होतं का, ते फक्त कॅप्टनला ठाऊक.

त्यात दिवस पोळ्याचे, म्हणजे पावसाळा. नागपूरवर ढग बसले असतील तर कॅप्टन घिरट्या घालायचं इंधन घेतो, वर पर्यायी विमानतळापर्यंत जायचं वेगळं. विमान फुल्ल, इंधन जादा, लोडशीट बंद झालेली. अशा वेळी एक माणूस वाढवायचा म्हणजे वजनाचे कागद पुन्हा करायचे.

पण या कारणांच्या मागे लागू नका. खरी कारणं बहुतेक वेळा सांगण्यासारखी नसतात. शेजारी बसलेला को-पायलट अगदी नवा असेल, मागून तिसरा कोणी बघतोय म्हटल्यावर तो अवघडतो. कॅप्टन हे गेटवर सगळ्यांसमोर बोलेल का? किंवा मागणारा थकलेला दिसला, डोळे लाल दिसले. किंवा कॅप्टनचंच त्या दिवशी घरून काही बिनसलं असेल आणि त्याला कॉकपिटात शांतता हवी असेल. तेही पुरेसं आहे. नकाराचं कारण द्यायची सक्ती केली की कॅप्टन लोकलाजेखातर हो म्हणायला लागेल, आणि मग ती परवानगी उरणारच नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सरळ लिहिलं आहे की विमानाबाबतचा अखेरचा निर्णय त्या वेळच्या मुख्य वैमानिकाचा.

आता मला सांगा, भाच्याने विचारलं कसं? स्वतः गेला होता की गेटवरच्या मुलीकरवी निरोप धाडला? अंगावर काय होतं? दार लागायला किती वेळ होता?

नेरचा_कास्तकार

आत्ताच फोन लावला. तो म्हणते, पहिले गेटवरच्या पोरीले ओळखपत्र दाखवलं, तिनं आत विचारून घ्या म्हटलं. मग स्वतः कॉकपिटाच्या दारापर्यंत गेला. आत दोघं काहीतरी वाचून पडताळून रायले होते तं हा बाहेरच उभा राह्यला. त्यायचं झाल्यावर नाव, कंपनीतला नंबर सांगितला, 'सर, जागा असल तर नागपूरपर्यंत येऊ का' म्हटलं. युनिफॉर्मात नव्हता, पण पँट-शर्ट अन् बूट होते. कॅप्टन म्हणे, 'आज नाही, सॉरी.' यानं 'काही हरकत नाही सर, हॅपी लँडिंग' म्हटलं अन् परत फिरला.

मी म्हटलं, 'कावून नाही म्हणाला, विचाराचं होतं नं!' तं माह्यावरच हासला.

डावी_खुर्ची

पोरगं शिकलेलं आहे. चेकलिस्ट चालू असताना बाहेर थांबला, हे मला सगळ्यात आवडलं. निम्मे लोक तिथेच चुकतात, दारातून डोकं घालून बोलायला सुरुवात करतात. आणि 'का' विचारलं नाही. हाच कॅप्टन पुढच्या वेळी त्याला ओळखेल.

खाकी_वणी

मी एसटीतून रिटायर झालो, ड्रायव्हर. वणी, पांढरकवडा, राळेगाव, सगळीकडे चालवली. तुमच्या भाऊजीले माह्याकडून सांगा, आमच्यात बी असंच आहे.

स्टाफचा माणूस ड्यूटी संपवून घरी जाते तं पहिले कंडक्टरले सांगते. ड्रायव्हरले नाही. गाडीतल्या माणसाचा हिशोब कंडक्टरचा, रस्त्यात चेकिंगवाले चढले तं जबाब त्यालेच द्या लागते. पास दाखवाचा, अन् म्होरं जाऊन बसाचं. पण म्होरं म्हणजे कुठं? केबिनीत येऊन बसणारे असतेतच. जुन्या गाड्यायले इंजिन आतच राहे, त्या बोनेटवर बसून गप्पा हाणत येत. काच्यावर एवढं मोठं लिहून राह्यते की गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये, अन् बोलणारा एसटीचाच माणूस.

मुक्कामी गाडीवर रातच्याला एकटा असलो तं मले कोणी सोबत असलेलं बरं वाटे. वणी-चंद्रपूर रोडवर कोळशाचे ट्रक अंगावर येतेत, त्या टाइमाले दुसरे दोन डोळे कामी पडतेत. पण एक होता आमच्या डेपोत, तो बसला की 'गिअर टाक', 'साइड दे', 'आता काप' सुरू. त्याले मी एकदा मारेगावच्या स्टँडवर मागच्या सीटवर पाठवून देल्लं. तो तवापासून बोलला नाही माह्याशी. नाही बोलला तं नाही बोलला.

धुऱ्यावरचा

सगळे कॅप्टनची बाजू घेऊन राहिले म्हणून मी उलट बोलतो. अमेरिकेत पायलट राहतो एका शहरात आणि बेस दुसऱ्या शहरात. तिथे हजारो पायलट जंपसीटवर बसून कामाला जातात आणि घरी येतात, तेही दुसऱ्या कंपनीच्या विमानात. तिथे कारण नसताना नाही म्हणणं अपमान समजतात. मग आपल्याकडेच हा साहेबी थाट का? आपल्याकडे हुद्दा मिळाला की माणूस खालच्याला तिष्ठत ठेवतो, तहसीलमध्ये जा, बँकेत जा. कॉकपिट काही वेगळं नसेल. त्या मुलाला एका रात्रीसाठी घरी येऊ दिलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

बाभूळबन

काय बिघडू शकतं ते वाचा.

७ एप्रिल १९९४, मेम्फिस. फेडेक्सचं डीसी-१० मालवाहू विमान. जंपसीटवर त्याच कंपनीचा फ्लाइट इंजिनीअर, दुसऱ्या दिवशी त्याची खात्याअंतर्गत सुनावणी होती. उड्डाणानंतर त्याने तिघांवर हातोड्यांनी हल्ला केला. रक्तबंबाळ अवस्थेत त्यांनी त्याला आवरलं आणि विमान परत उतरवलं. जीव वाचले, पण तिघांपैकी एकही पुन्हा व्यावसायिक उड्डाण करू शकला नाही.

२२ ऑक्टोबर २०२३. एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान. जंपसीटवर सुट्टीवरचा वैमानिक, त्याने अचानक दोन्ही इंजिनांचे आग विझवायचे हँडल धरून ओढले. ते पूर्ण ओढले जातात तेव्हा इंजिनाचं इंधन बंद होतं. दोघा वैमानिकांनी त्याला रोखलं, बाहेर काढलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. त्याच्याकडे कागदपत्रं सगळी होती, ओळख पटलेली होती.

आणि आपल्याकडचं. २७ फेब्रुवारी २०२३, दुबई-दिल्ली. वैमानिकाने मैत्रिणीला कॉकपिटात बसवलं. डीजीसीएने त्याचं लायसन्स तीन महिने निलंबित केलं आणि एअर इंडियाला ३० लाखांचा दंड लावला. चौकशी, लायसन्स, सगळं कॅप्टनच्या डोक्यावर आहे. मग हो-नाही पण त्याचंच.

धुऱ्यावरचा

बाभूळबन सर, हातोडा घेऊन आलेला माणूस आणि पोळ्याला घरी निघालेला पोरगा एका तागडीत तोलता?

बाभूळबन

मी तोलत नाही. दारात उभ्या असलेल्या कॅप्टनला दोघंही सारखेच दिसतात, एवढंच म्हणतो. पाच मिनिटांत त्याला ओळखायचं असतं.

डावी_खुर्ची

धुऱ्यावरच्या भाऊ, अमेरिकेचं तुम्ही बरोबर सांगितलं, पण अर्धं. तिथे कंपन्यांचे आपसात करार आहेत. ११ सप्टेंबर २००१ नंतर दुसऱ्या कंपनीच्या माणसाला कॉकपिट बंदच झालं होतं, मग ओळख पडताळायची संगणक प्रणाली आली तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. गेटवर त्याचा फोटो आणि नोकरी चालू आहे की नाही ते दिसतं. एवढं असूनसुद्धा तिथला वैमानिक आधी कॅप्टनसमोर उभा राहून तोंडाने परवानगी मागतो. न विचारता जाऊन बसणारा तिथे सगळ्यात उर्मट समजला जातो. कॅप्टनला सहसा नाही म्हणता येत नाही तो सरकारी निरीक्षकाला, तो ओळखपत्र दाखवून कामावर आलेला असतो. बाकी सगळे पाहुणे.

कारण नसताना नाही म्हणणाऱ्याला तिथेही नावं ठेवतात, हे मान्य. असे खडूस आपल्याकडेही आहेत. मी स्वतः शक्य तेव्हा नेतो, कारण मीही को-पायलट असताना रात्रीअपरात्री अशीच खुर्ची मागितली आहे.

पण त्या अमेरिकी पद्धतीची दुसरी बाजूही बघा. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन कंपनीचं विमान पडलं, विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. त्यातली को-पायलट सिएटलला राहायची आणि बेस होता नेवार्क, म्हणजे देशाचं दुसरं टोक. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून मेम्फिसमार्गे प्रवास करत आली होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया, पण चौकशीत थकव्याची आणि या येण्याजाण्याची भरपूर चर्चा झाली. कंपनीच्या कामासाठी मागे बसून गेलात तर तो वेळ ड्यूटीत धरतात. स्वतःच्या सोयीने जंपसीटवर गेलात तर तो कुठेच धरत नाहीत, शरीर मात्र धरतं. म्हणून मी मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो, उद्या सकाळी ड्यूटी आहे का?

लोको_वर्धा

रेल्वेतून लिहितो, मालगाडीवर लोको पायलट.

आमच्यात एका ठिकाणी गाडी सोडून दुसरीकडे ड्यूटीवर जायचं असलं की 'स्पेअर' जातो. स्पेअर गेलेला माणूस डब्यात बसतो, गार्डकडे बसतो. इंजिनात बसायचं तर अधिकार लागतो, सीएलआय साहेब, म्हणजे आमच्यावर देखरेख करणारे मुख्य लोको निरीक्षक, येतात त्यांच्याकडे तो असतो. ओळखीचा आहे म्हणून कॅबमध्ये घेतलं आणि पुढे काही झालं तर नोकरी गेली समजा.

कॅबमध्ये आम्ही दोघं प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने बोलून दाखवतो, हाताची खूणही करतो. समोर पिवळा आहे, सहायक म्हणतो 'एक पिवळा', मी तेच परत म्हणतो. तिसरा माणूस मध्येच 'काय मग, पोराचं कॉलेज कसं चाललंय' म्हणाला की ती साखळी तुटते. सेवाग्राम, वर्धा, पुलगाव या पट्ट्यात गाड्यांची एवढी गर्दी आहे की डोळा हलवता येत नाही. आमचे सीएलआय स्वतः बसतात तेव्हा गाडी थांबेपर्यंत अक्षर बोलत नाहीत. थांबल्यावर मग काढतात सगळं.

बेलोरा_बघे

अवांतर: हा सगळा वनवास नागपूरपर्यंत यायचा. आता १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीला बेलोऱ्यावरून मुंबईचं एटीआर सुरू झालं आहे. नेरहून अमरावती जवळ. भाच्याने मुंबईत बेस मागावा.

पांढरं_सोनं

अन् एटीआरात जंपसीट एकच, घडीची. वर वाचलं ना.

आर्वीची_लेक

मी आखाती देशातल्या एका कंपनीत कॅप्टन आहे, माहेर आर्वी. खुर्ची कशी मागायची यावर इथे बरंच झालं. मिळाल्यावर काय, ते कोणीच लिहिलेलं नाही, आणि खरी गंमत तिथे आहे.

माझ्याकडे खुर्ची मागायला येणाऱ्यांपैकी काहीजण आत डोकावतात, माझ्याकडे बघतात, आणि माझ्या उजवीकडे बसलेल्या को-पायलटला 'सर, मे आय' म्हणतात. तो बिचारा माझ्याकडे बोट दाखवतो. खांद्यावरच्या चार पट्ट्या दिसत नाहीत असं नाही. मी त्यांना नेते. पण सुरक्षेची माहिती मी स्वतः देते, सावकाश, एकही ओळ न गाळता.

ती माहिती द्यायचीच असते, समोरचा कितीही अनुभवी असो. पट्टा कसा बांधायचा, ऑक्सिजनचा मास्क कुठे, धूर झाला तर काय, बाहेर कुठून पडायचं. ३२० असेल तर बाजूच्या खिडक्या सरकतात आणि खाली उतरायला दोर असतो. एटीआर असेल तर छतात झाकण असतं. 'हो हो, माहीत आहे' म्हणणाऱ्याला मी पुन्हा पहिल्यापासून सांगते.

मग १०,००० फुटांखाली तोंड बंद. हा नियम उगाच आलेला नाही. ११ सप्टेंबर १९७४ ला शार्लटजवळ ईस्टर्न कंपनीचं विमान धुक्यात उतरताना पडलं, तोपर्यंत आत राजकारण आणि जुन्या मोटारी यांवर गप्पा चालल्या होत्या. अशा अपघातांनंतर अमेरिकेत १९८१ मध्ये नियम झाला की त्या उंचीखाली कामाशिवाय बोलायचं नाही, आणि आता जगभर तो पाळतात. तो जंपसीटवाल्यालाही लागू. खाली बघून फोटो काढायचे नाहीत, फोन बंद. हेडसेट लावून ऐकायचं, रेडिओच्या बटणाला हात नाही.

वर गेल्यावर गप्पा चालतात, पण यजमानाने सुरू केल्या तर. काहींना हव्या असतात, काहींना नको. आणि लँडिंगवर शेरा मारायचा नाही. चांगलं झालं तरी नाही, वाईट झालं तर मुळीच नाही. मागे एक वरिष्ठ गृहस्थ बसले होते, ते माझ्या को-पायलटला मधूनमधून फ्लॅप कधी, स्पीड किती ते सुचवत होते. मी वळून एवढंच म्हटलं, 'सर, आत्ता आम्ही दोघंच.' उतरताना त्यांनी आभार मानले नाहीत, मीही वाट पाहिली नाही. त्याहून वाईट ते, जे आत पाहिलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्या बेसवर सांगत फिरतात. त्यांना तिसऱ्यांदा कोणी खुर्ची देत नाही.

गोंदियाकर_कॅडेट

मॅडम, मग काही चुकताना दिसलं तरी गप्पच बसायचं का? मी बिरसीला शिकतो आहे. आमच्याकडे सीआरएमच्या, म्हणजे कॉकपिटात मिळून काम कसं करायचं त्याच्या, तासाला सांगतात की कोणीही बोललं पाहिजे.

आर्वीची_लेक

चांगला प्रश्न. नाही, गप्प बसायचं नाही. सुचवणं वेगळं आणि धोका दाखवणं वेगळं. समोर दुसरं विमान दिसलं, चाकं खाली आलेली नाहीत, दिलेल्या उंचीच्या पुढे विमान चाललं आहे, तर एक शब्द, स्पष्ट, लगेच: 'अल्टिट्यूड'. पुढचं ते दोघं बघतील. फ्लॅप जरा लवकर घेतले असते तर बरं, हे पोटातच ठेवायचं.

तिसऱ्या माणसाने काय होतं ते सांगते. २८ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं ७३७ मॅक्स देनपसारहून जकार्ताला जात होतं आणि विमान आपोआप नाक खाली दाबत होतं. त्या कॉकपिटात तिसरा वैमानिक बसलेला होता. दोघांचे हात गुंतलेले असताना याचे डोळे मोकळे होते. नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या ट्रिमची वीज तोडणारे स्विच बंद करून ते जकार्ताला उतरले. पण विमानाच्या लॉगमध्ये सगळं नीट उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच विमान दुसऱ्या क्रूने नेलं, तिथे तिसरा कोणी नव्हता. १८९ जण गेले.

दुसरं उदाहरण मी प्रत्येक नव्या पोराला सांगते. १९ जुलै १९८९, युनायटेडचं डीसी-१०. शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक गेली, म्हणजे सुकाणूच गेलं. प्रवाशांमध्ये त्याच कंपनीचा डीसी-१० शिकवणारा वैमानिक बसलेला होता. तो धावत जाऊन कॉकपिटात घुसला नाही. त्याने हवाई सेविकेकरवी निरोप पाठवला, मदत हवी असेल तर मी आहे. कॅप्टनने बोलावल्यावर आत गेला, विचारलं काय करू, आणि मग शेवटपर्यंत दोन थ्रॉटल हातात धरून उरलेल्या इंजिनांच्या ताकदीवर विमान वळवत राहिला. सू सिटीला ते आदळलं, २९६ पैकी १८४ वाचले. विमान हातातून चाललेलं असतानाही तो माणूस आधी विचारूनच आत गेला.

खाकी_वणी

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्यात असा एक बी सांगितला नाही कोणी.

धुऱ्यावरचा

लायन एअरवरून तर माझाच मुद्दा सिद्ध होतो. तिसरा माणूस असला तर सुरक्षा वाढते. मग रिकामी खुर्ची नेताच कशाला?

आर्वीची_लेक

दादा, तिसरा कोण आहे त्यावर आहे ते. सावध, झोप झालेला, मशीन ओळखणारा असेल तर मला हवाच आहे. दिवसभर चार सेक्टर उडून, घरी जायच्या ओढीने अर्धवट झोपेत बसलेला असेल, तर धुरात त्याला बाहेर काढायचं आणखी एक काम माझ्यावर येतं. कोणता ते दारात ठरवायचं, आणि बाभूळबन सर म्हणाले तसं, पाच मिनिटांत.

धुऱ्यावरचा

बरं. पण नाही म्हणायचं तर निदान गोड बोलून म्हणावं, यावर मी ठाम आहे.

डावी_खुर्ची

त्यावर माझंही दुमत नाही. 'आज नाही, सॉरी' यात मला कडू काही दिसलं नाही, पण 'पुढच्या वेळी नक्की विचार' एवढं जोडायला पैसे पडत नाहीत. मागणाऱ्याच्या शिष्टाचारावर सगळे बोलतात, देणाऱ्याचाही असतो. त्याला दारात ताटकळत ठेवू नये. हो म्हणायचं तर लवकर म्हणावं, म्हणजे कागद वेळेत होतात. नाही म्हणायचं तर त्याहून लवकर, म्हणजे तो दुसरी सोय बघतो.

नेरचा_कास्तकार

सगळ्यायले धन्यवाद. भाऊजीले धागा वाचून दाखवला. खाकी भाऊचं बोनेटवालं त्यायले लय पटलं, बाकीचं 'पाहू' म्हणाले. भाचा आता दिवाळीत येतो म्हणते, पण यावेळी तिकीट आधीच काढलं.

त्याची माय विचारून रायली, कधी जंपसीटवर आला तं त्या कॅप्टनसाठी काही पाठवलं तं चालते का? घरचं तूप, चिवडा, असं काही?

गोंदियाकर_कॅडेट

मलाही हेच विचारायचं होतं. अमेरिकेतले वैमानिक क्रूसाठी चॉकलेटं नेतात असं वाचलं.

आर्वीची_लेक

नेतात, आणि ती बहुधा केबिन क्रूच्या हातात देतात, कारण चेहऱ्यावर हसू ठेवून काम तेच करत असतात. काकूंना सांगा, तूप नको. सुरक्षा तपासणीत अडकेल. नागपूरची संत्रा बर्फी चालेल, दुकानातला बंद डबा.

डावी_खुर्ची

आणि डबा गॅलीत द्यायचा. कॉकपिटात उघडा नाही. २०२३ च्या होळीत एका कंपनीच्या दोन वैमानिकांनी गुजिया खाताना मधल्या पॅनेलवर कॉफीचा कप ठेवला, तो फोटो फिरला आणि दोघांना ड्यूटीवरून उतरवलं. बर्फी मी खाली उतरल्यावर खातो.

पांढरं_सोनं

म्हणजे बर्फीले बी जंपसीट नाही.